न्हाणीघरातले पाऊण मिनिट

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात एका सभासद भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी ह्या दिवशी आपण कोणाचे तरी भाषण ऐकतो. आहारशास्त्र झाले, मुलांच्या सवयी झाल्या, संधिवात तर दोनदा झाला. यंदा चिटणीसबाई माझ्याकडे आल्या तेव्हा मी त्यांना स्पष्टच सांगितले, "मला शास्त्रातले काही येत नाही. बोलेन तर सिनेमावर बोलेन, आणि तोही खुनाच्या." त्या क्षणभर थबकल्या. मग म्हणाल्या, "चालेल, पण चहाच्या आधी नको." म्हणून माझे भाषण चहानंतर ठेवले आहे.

चित्रपटाचे नाव 'सायको'. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक. तो न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला १६ जून १९६० रोजी. मी तो पाहिला लग्नानंतर, मुंबईत, ह्यांच्याबरोबर. पाहून घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीला जाईना. ज्यांनी चित्रपट पाहिला आहे त्या हसताहेत. ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते, की त्यात नायिकेचा खून न्हाणीघरात होतो, वरून पाण्याचा फवारा चालू असताना. आता आमच्या चाळीतल्या मोरीत फवारा कुठला? बंबातले पाणी, पितळेची बादली आणि तांब्या. तरी मी सासूबाईंना विनवले, की तुम्ही दाराबाहेर बसा. त्या बिचाऱ्या पाट घेऊन, तांदूळ निवडत बसल्या. चार दिवस झाले तेव्हा म्हणाल्या, "अगं, एवढं घाबरायला झालं तरी काय त्या सिनेमात? सांग तरी." मग मी आतून आणि त्या बाहेरून, अशी ती सगळी गोष्ट मी त्यांना सांगितली.

गोष्ट थोडक्यात अशी. फिनिक्स नावाच्या गावी एका कचेरीत काम करणारी मॅरियन नावाची मुलगी आहे. लग्न करायचे आहे, पण पैशावाचून अडले आहे. एक दिवस कचेरीचे चाळीस हजार डॉलर बँकेत भरायला म्हणून तिच्या हाती येतात आणि ती ते घेऊन मोटारीने पळ काढते. रात्री पावसात एका आडबाजूच्या मुक्कामाच्या जागी उतरते. तिथला चालक एक लाजराबुजरा तरुण. मागच्या टेकडीवर त्याचे जुने घर, आणि घरात त्याची आई. मॅरियनला पश्चात्ताप होतो, उद्या परत जाऊन पैसे भरून टाकायचे असे ती ठरवते, आणि आंघोळीला जाते. चित्रपटाचा अर्धा भागही अजून झालेला नसतो आणि नायिका संपते!

सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग त्या पैशांचं काय झालं गं?" मी म्हटले, "वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते, ते तिच्या मोटारीबरोबर दलदलीत बुडाले." त्या म्हणाल्या, "आणि कोणाच्या ध्यानातही आलं नाही?" नव्हतेच आले. थेटरात माझ्याही ध्यानातून ते गेले होते. तासभर आपण ज्या पैशांची काळजी करतो ते दिग्दर्शक आपल्या नाकासमोर बुडवतो आणि आपण त्याच्याकडे पाहतही नाही. हिचकॉकची सगळी करामत सासूबाईंनी मोरीच्या दाराशी बसून, चित्रपट न पाहता पकडली होती.

पुढचा शेवट मात्र मी आज सांगणार नाही. शेवट कोणाला सांगू नका, अशी विनंती खुद्द हिचकॉकने जाहिरातींतून प्रेक्षकांना केली होती. ती विनंती मी साठांहून अधिक वर्षे पाळली आहे, आजच कशाला मोडू?

चित्रपट कसा तयार झाला ह्याबद्दल मी पुढे जमेल तसे वाचत गेले. नायिकेचे काम करणाऱ्या जॅनेट ली हिने १९९५ मध्ये ह्या चित्रपटाच्या आठवणींचे एक पुस्तक लिहिले. ते माझ्या मुलीने मला दिले. त्यातले आणि इतर वाचनातले काही सांगते.

मूळ कादंबरी रॉबर्ट ब्लॉक ह्यांची, १९५९ सालची. हिचकॉकने स्वतःचे नाव कळू न देता, मध्यस्थामार्फत, तिचे हक्क अवघ्या नऊ हजार डॉलरना घेतले. पण ज्या कंपनीसाठी तो काम करीत होता तिला हा विषय मुळीच आवडला नाही. त्याआधीच्या त्याच्या चित्रपटाला चाळीस लाख डॉलरच्या वर खर्च आला होता. इथे कोणी हात सैल सोडीना. तेव्हा हा साठीचा गृहस्थ म्हणाला, मी माझ्या पैशांनी करतो. दिग्दर्शनाचे मानधन घेतले नाही, त्याऐवजी चित्रपटाच्या मालकीत मोठा वाटा मागितला. खर्च बसवला सुमारे आठ लाख डॉलरमध्ये. त्याची दूरचित्रवाणीवर एक मालिका चालू होती, तिथली भराभर काम करणारी माणसे घेतली. रंगीत फिल्म न घेता काळीपांढरी घेतली. त्यात खर्चही कमी आणि रक्ताचा लाल रंगही दिसायला नको.

ह्या काटकसरीच्या गोष्टी मला फार आवडतात. आपल्यापैकी प्रत्येकीने महिनाअखेरीला असे काहीतरी केलेलेच आहे. रक्त म्हणून काय वापरले, तर चॉकलेटचा पाक! काळ्यापांढऱ्या चित्रात तो हुबेहूब दिसतो. सुरीचे वार ऐकू यायला हवे होते, म्हणून सामान सांभाळणाऱ्या माणसाने तऱ्हेतऱ्हेची खरबुजे आणली. हिचकॉक डोळे मिटून बसला, तो माणूस एकेक खरबूज भोसकीत गेला, आणि शेवटी हिचकॉकने आवाजावरून एक जात निवडली. खरबूज वाजवून पारखून घेणाऱ्या बायका आपल्या मंडईत रोज दिसतात. पण असल्या कामासाठी कोणी पारखले नसेल. कपड्यांचेही तसेच. कचेरीत काम करणारी मुलगी जे विकत घेऊ शकेल तेच तिने घालायचे, म्हणून जॅनेट लीचे कपडे दुकानातून तयार आणले, खास शिवून घेतले नाहीत. आणि एक बारकाई: चोरी करण्याआधी ती आतल्या पांढऱ्या कपड्यांत दिसते, चोरीचा विचार पक्का झाल्यावर काळ्या. बहुतेकांच्या हे लक्षात येत नाही, मनावर परिणाम मात्र होतो.

आता ते न्हाणीघर. पडद्यावर तो खून जेमतेम पाऊण मिनिट चालतो. पण त्याला सात दिवस लागले, १७ ते २३ डिसेंबर १९५९. कॅमेरा अठ्ठ्याहत्तर वेगवेगळ्या जागी लावला आणि बावन्न तुकडे जोडले. २०१७ मध्ये ह्या एका दृश्यावर अख्खा माहितीपट निघाला आणि त्याचे नावच '७८/५२' आहे. सुरी अंगात शिरताना तुम्हाला जवळजवळ दिसत नाही. हात दिसतो, सुरी दिसते, चेहरा, पाणी, पडदा. उरलेला खून आपण आपल्या मनात करतो. फवाऱ्याच्या तोटीचे चित्र समोरून घ्यायचे तर कॅमेऱ्यावर पाणी उडणार. म्हणून मधली भोके बुजवून टाकली आणि कडेच्या भोकांतून पाणी कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंनी जाऊ दिले. किती साधी युक्ती, पण कोणाला तरी सुचावी लागतेच.

दृश्याची चित्रे आधी कागदावर काढली होती सॉल बास ह्या चित्रकाराने. पुढे त्यांनी सांगितले, की ते दृश्य दिग्दर्शितही मीच केले. जॅनेट लीने ठामपणे सांगितले, की सातही दिवस कॅमेऱ्याशेजारी हिचकॉकच उभा होता. ह्या वादात मी पडत नाही. मात्र ज्या बाईवर पाणी पडत होते तिला ते ठाऊक असणार, असे माझे मत.

तिला कढत पाण्याची सोय केली होती. तिचे स्वतःचे म्हणणे, की पाणी छान कोमट होते आणि ते गार असल्याच्या कथा खोट्या आहेत. अवघड काम होते ते शेवटचे. फरशीवर गाल टेकून, डोळे उघडे ठेवून, निश्चल पडून राहायचे आणि कॅमेरा तिच्या डोळ्यापासून हळूहळू दूर जाणार. डोळ्यांत घालायची खास भिंगे वापरायची होती, पण त्यांची सवय व्हायला कित्येक आठवडे लागतील असे कळल्यामुळे ती रद्द झाली. लज्जारक्षणासाठी तिच्या अंगाला कातडीच्या रंगाचे कापड चिकटवलेले होते. पाण्याच्या वाफेने ते सुटू लागले. तिला ते कळत होते. वर माचांवर प्रकाशयोजनेची माणसे उभी. हालचाल केली तर इतके जमून आलेले चित्र फुकट जाणार. तिने लिहिले आहे, की तिने तेव्हा मनाशी ठरवले, जाऊ दे, आणि ती हलली नाही. मी ते पान वाचून पुस्तक मिटून बसले. कामासाठी बाई काय सोसते, आणि ते सोसणे तिने स्वतः ठरवलेले असले म्हणजे तिच्या तोंडून ते कसे वेगळेच ऐकू येते! दुसऱ्या काही चित्रांसाठी मार्ली रेन्फ्रो नावाची एक तरुणी तिच्या जागी उभी राहिली होती. तिचे नाव श्रेयनामावलीत नाही.

सेटवर गमतीही चालत. चित्रपटासाठी काही भेसूर बाहुल्या केल्या होत्या. कशासाठी ते विचारू नका. हिचकॉक त्या गुपचूप जॅनेट लीच्या खोलीत, खुर्चीवर बसवून ठेवी. ती दार उघडून किती मोठ्याने किंचाळते त्यावरून कोणती बाहुली वापरायची ते तो ठरवी, असे म्हणतात. आणि सेटवर एका खुर्चीच्या पाठीवर 'मिसेस बेट्स' असे त्या आईचे नाव लिहून ठेवले होते. खुर्ची रिकामीच. वृत्तपत्रवाले विचारीत, आईचे काम कोण करणार? हिचकॉक दर वेळी वेगळ्या नटीचे नाव पुढे करी.

मॅरियनच्या कचेरीत शेजारच्या टेबलावर एक मुलगी सारखी बडबडत असते, आठवते ना? ती हिचकॉकची मुलगी, पॅट्रिशिया. मॅरियनच्या बहिणीचे काम केले आहे व्हेरा माइल्स हिने. हिला काही वर्षांपूर्वी हिचकॉकने 'व्हर्टिगो' ह्या मोठ्या चित्रपटाची नायिका ठरवले होते. तिला दिवस गेले आणि ती भूमिका दुसरीकडे गेली. 'सायको'त तिच्या डोक्यावर टोप आहे, कारण आधीच्या दुसऱ्या एका चित्रपटासाठी तिने डोके भादरून घेतले होते. भूमिका साधी, कपडे अगदी बेताचे. पण चित्रपटातली सगळ्यांत धीट व्यक्ती तीच. तळघरात एकटी उतरते ती.

चित्रपट जोडून पाहिला तेव्हा हिचकॉकला तो अगदी फिका वाटला. हा कापून तासाभराचा करावा आणि दूरचित्रवाणीवर लावून टाकावा, इथपर्यंत त्याच्या मनात आले होते. बर्नार्ड हर्मन ह्या संगीतकाराने त्याला थांबवले. पैसे थोडे म्हणून त्याने पुरा वाद्यवृंद न घेता फक्त तारवाद्ये घेतली. न्हाणीघराच्या दृश्याला संगीत नको, नुसते पाणी आणि किंकाळ्या, अशी हिचकॉकची आज्ञा होती. हर्मनने ती मोडली. व्हायोलिनच्या त्या चिरकणाऱ्या आवाजासकट दृश्य दाखवले तेव्हा हिचकॉकने आपले म्हणणे मागे घेतले. तो आवाज आज चित्रपट न पाहिलेल्या मुलांनासुद्धा माहीत असतो. माझा नातू मांजराला घाबरवायला तोच काढतो! ऑस्करसाठी चित्रपटाची चार नामांकने झाली, त्यात जॅनेट लीचे एक होते. संगीताचे नव्हते. पारितोषिक एकही मिळाले नाही.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला ते सांगते.

हिचकॉकच्या पत्नीचे नाव आल्मा रेव्हिल. तो जन्मला १३ ऑगस्ट १८९९ रोजी आणि ही दुसऱ्या दिवशी. पण चित्रपटाच्या धंद्यात ती त्याच्या आधीची. लंडनजवळच्या एका स्टुडिओत सोळाव्या वर्षी तिने फिल्मचे तुकडे जोडण्याचे काम धरले होते. हा नंतर आला. १९२६ मध्ये लग्न झाले. पुष्कळ वर्षे तिचे नाव पटकथेत दिसे. १९५० नंतर तेही दिसेनासे झाले. 'सायको'च्या नामावलीत ते नाही.

सगळे संपले, संगीत चढले, संकलकाने पाहिले, तंत्रज्ञांनी पाहिले. मग आल्माबाईंना दाखवले. त्या म्हणाल्या, "हा असा बाहेर पाठवता येणार नाही." का? तर न्हाणीघरात मरून पडलेली जॅनेट ली हलते. कोणी सांगतात तिची पापणी लवली, कोणी म्हणतात तिने आवंढा गिळला. इतक्या जणांनी, इतक्या वेळा ते दृश्य पाहिले होते; एकालाही दिसले नव्हते. मग त्या जागी फवाऱ्याच्या तोटीचे एक चित्र घालून दुरुस्ती केली, असे सांगतात. आजही पाहाल तर डोळ्यापासून दूर जाताना मध्येच तोटी दिसते.

हे वाचले तेव्हा मला कोणाची आठवण झाली असेल? तीन वर्षांपूर्वी आपण ह्याच रंगमंचावर रहस्यनाटक केले. मी त्यात पडद्याआडून संवाद सांगायला होते. रंगीत तालमीला आपण सगळ्या खूश. शेवटच्या बाकावर आपल्या शिवणवर्गाच्या काकू नटांच्या सदऱ्याला गुंड्या लावत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "अगं, प्रेताच्या बांगड्या वाजतात." दिवे मंद झाले की खून झालेली बाई कूस बदले आणि किणकिण होई! पंधरा तालमी झाल्या होत्या. मी दोन हातांवर उभी होते आणि मला ते ऐकू आले नव्हते. दुसऱ्या दिवशी बांगड्यांवर रुमाल बांधला आणि प्रयोग उत्तम झाला.

त्या वर्षीच्या स्मरणिकेत नाटकाची नामावली आहे. नट आहेत, दिग्दर्शिका आहे, ध्वनिक्षेपकवाला आहे, माझेही नाव आहे. काकूंचे नाही. ती यादी मी केली होती. मुद्दाम गाळले असते तर निदान कारण तरी सांगता आले असते. मला ते सुचलेच नाही.

हा विषय कळल्यावर आपल्यातल्या एका तरुण सभासदेने मला जिन्यात अडवून विचारले, "मावशी, त्या माणसाचं कौतुक करणार तुम्ही?" तिचे म्हणणे मी टाळणार नाही. 'सायको'नंतर हिचकॉकने 'द बर्ड्स' केला, १९६३ मध्ये. त्याची नायिका टिपी हेड्रन. खोटे पक्षी वापरणार असे तिला सांगितले होते. प्रत्यक्षात पाच दिवस जिवंत पक्षी तिच्या अंगावर फेकले गेले आणि शेवटी डॉक्टरांनी तिला विश्रांती घ्यायला लावली. २०१६ मध्ये आत्मचरित्रात तिने लिहिले, की हिचकॉकने तिचा पिच्छा पुरवला, अंगचटीला आला, आणि आपण नकार दिल्यावर आपली वाट अडवली. जॅनेट ली मात्र त्याच्याबद्दल शेवटपर्यंत आदराने बोलली. दोघींनीही आपापले खरे सांगितले, असे मी धरून चालते. एका घरात थोरल्या सुनेला सासू वेगळी आणि धाकटीला वेगळी हे आपण पाहिलेले नाही काय? त्या मुलीला मी एवढेच म्हटले, की मी त्याचे कौतुक करायला उभी राहणार नाही, चित्रपटाचे करीन. तिचे पुरते समाधान झाले नाही. माझेही झालेले नाही.

१९७९ साली हिचकॉकला अमेरिकेत मोठा सन्मान मिळाला. तेव्हा तो म्हणाला, की मला चार माणसांचे आभार मानायचे आहेत: एक संकलक, एक पटकथालेखक, माझ्या मुलीची आई, आणि एक अप्रतिम स्वैपाकीण, आणि चौघांचेही नाव आल्मा रेव्हिल. ती समोर बसली होती. पुढच्याच वर्षी तो गेला, १९८२ मध्ये ती. उशिरा का होईना, सर्वांसमक्ष म्हणाला. ते वाचून मी काकूंना फोन केला. त्या हल्ली मुलाकडे पुण्याला असतात, गुडघ्यांमुळे इकडे येणे होत नाही. म्हटले, "भाषणात तुमचं नाव घेऊ का?" म्हणाल्या, "नाव कशाला? बांगड्यांचं तेवढं सांग, बायका हसतील." म्हणून इथे नाव घेतले नाही. मात्र जुनी नामावली दुरुस्त करून यंदाच्या स्मरणिकेत छापावी, असे मी चिटणीसबाईंना लेखी दिले आहे. शेवटचे पान उलटून पाहा.

आणखी एक. अमेरिकेत त्या काळी लोक वाटेल तेव्हा थेटरात शिरत, मधूनच चित्रपट पाहू लागत आणि पुढच्या खेळात राहिलेला भाग पाहून घरी जात. 'सायको'साठी हिचकॉकने नियम केला, की खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचे नाही. थेटरवाले घाबरले, धंदा बुडेल म्हणाले. झाले उलटेच, बाहेर रांगा लागल्या. नाहीतर उशिरा येणारी माणसे सबंध वेळ शोधत बसली असती, की जॅनेट ली आहे कुठे?

तर येत्या शनिवारी ह्याच दिवाणखान्यात 'सायको' दाखवायचा आहे. वेळ दुपारी चार. चाराला एक मिनिट झाले की मी आतून कडी लावणार आहे. दूधवाला आला होता, कुकरच्या शिट्ट्या राहिल्या होत्या, रिक्षा मिळाली नाही, ह्यांतले काही चालणार नाही. अध्यक्षीणबाई, हे तुम्हालाही लागू आहे.